पहारा देणाऱ्यांचा खेळ

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कबड्डीत गडी ‘मरतो’ आणि थोड्या वेळानं ‘जिवंत’ होतो. आपण हे शब्द इतक्या सहज वापरतो की त्यातलं मरण कुणाला टोचत नाही. ‘आपले तीन मेलेत, एक जिवंत कर’, असं मैदानाबाहेरून ओरडणाऱ्या मुलाला कुणी हिंसक म्हणत नाही. मरणं म्हणजे रेषेबाहेर जाऊन बसणं, एवढाच त्याचा अर्थ. आणि जो बाहेर बसला आहे तो आपल्या बळावर परत येत नाही. संघातल्या दुसऱ्या कुणीतरी गुण मिळवला तरच तो आत येतो. म्हणजे या मरण्या-जगण्यात खरी गोष्ट आहे ती एकमेकांवर अवलंबून असण्याची.

श्रोतेहो, आज मी एका पडद्यावरच्या खेळाबद्दल बोलणार आहे. त्यातही असंच मरणं आणि जिवंत होणं आहे, संघ आहे, रेषा आहेत. फरक असा की त्यात बंदुका आहेत, आणि बंदुका दिसल्या की आपण वडीलधारी माणसं पुढचं काही बघत नाही. पुढचं बघावं, यासाठीच हे बोलणं.

खेळाचं नाव ‘मंडे नाइट कॉम्बॅट’. सोमवार रात्रीची झुंज. अमेरिकेत सोमवारी रात्री त्यांच्या फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवण्याची प्रथा १९७० सालापासून आहे, त्या नावावर केलेली ही गंमत. सिएटल शहराच्या परिसरातल्या ‘उबर एंटरटेनमेंट’ नावाच्या छोट्या कंपनीनं हा खेळ तयार केला. टॅक्सीवाल्या उबरशी तिचा काही संबंध नाही. ऑगस्ट २०१० मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावर आला आणि जानेवारी २०११ मध्ये संगणकावर.

फार मोठा, जगभर गाजलेला असा हा खेळ नव्हे. तरी मी तोच निवडला, कारण खेळांची तीन वेगवेगळी घराणी त्यात एकत्र नांदताना दिसतात. आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीचा जो शेवट झाला, त्यातून आपल्या सगळ्यांच्या कामाचा एक प्रश्न उभा राहतो. आधी घराणी बघू.

पहिलं घराणं नेमबाजीचं. १९९६ साली ‘क्वेक’ नावाचा खेळ आला. पडदा म्हणजे आपलेच डोळे, समोर हातातली बंदूक, आणि दिसेल त्याच्यावर गोळी. हा खेळ करणाऱ्या ‘इड सॉफ्टवेअर’ या कंपनीनं एक उदारपणा दाखवला. खेळाचे नियम बदलता येतील अशी सोय तिनं खेळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉगली या तिघांनी त्या सोयीचा उपयोग करून ‘टीम फोर्ट्रेस’ नावाचा नवा खेळ उभा केला आणि लोकांना फुकट दिला. त्यांनी नेमबाजांचे संघ केले आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं. कुणी वेगानं धावणारा, कुणी लांबून टिपणारा, कुणी जखमा भरणारा वैद्य, कुणी यंत्रं उभारणारा इंजिनिअर. या कामांना खेळाच्या भाषेत ‘क्लास’ म्हणतात. आपल्याकडे क्लास म्हटलं की शिकवणी आठवते, किंवा समाजातले वर्ग आठवतात. इथं अर्थ आहे भूमिका. क्रिकेटच्या संघात यष्टिरक्षक वेगळा, फिरकी टाकणारा वेगळा, तसंच.

यातला इंजिनिअर मला फार आवडतो. २००७ साली ‘व्हॉल्व्ह’ कंपनीनं ‘टीम फोर्ट्रेस २’ आणला. त्यात नऊ भूमिका आहेत आणि इंजिनिअर त्यांपैकी एक. तो आपोआप फिरून गोळ्या झाडणारी तोफ उभारतो, सोबत्यांना दारूगोळा आणि औषध पुरवणारं यंत्र मांडतो, मागच्या गड्यांना क्षणात पुढे पोहोचवणारं दार बसवतो. त्याच्या हातात पाना असतो. यंत्राला धक्का बसला की तो पान्यानं ठोकून दुरुस्त करतो. शत्रूचा हेर त्याच्याच संघाचा वेश घेऊन येतो आणि तोफेला बिघाडाचं खोकं चिकटवतो. ते खोकं पान्यानं पाडणं हेही इंजिनिअरचंच काम. असा गडी हातातली बंदूक फारशी न चालवता संघाला सामना जिंकून देऊ शकतो. नेमबाजीच्या खेळात दुरुस्ती करणाऱ्याला मानाचं पान मिळालं ते इथं.

दुसरं घराणं तटबंदीचं. इंग्रजीत त्याला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात. ही कल्पना सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. गोमुखी दरवाजा आठवा. वाट सरळ दाराशी नेत नाही. दोन बुरुजांच्या मधून वळवते. दार बाहेरून दिसत नाही, आणि वळणावर शत्रू दोन्ही बाजूंच्या माऱ्याखाली येतो. टॉवर डिफेन्सच्या खेळात नेमकं हेच करायचं असतं. शत्रूच्या लाटा ठरलेल्या वाटेनं येत राहतात. आपल्याकडे थोडे पैसे असतात. कुठे बुरूज बांधायचा, कुठला मजबूत करायचा, कुठे शत्रूची चाल मंदावायची, हे ठरवायचं. लाट परतवली की पैसे मिळतात आणि पुढची लाट आधीपेक्षा मोठी येते.

अमेरिकेतल्या अटारी गेम्सनं १९९० साली काढलेला ‘रॅम्पार्ट’ हा या घराण्याचा एक पूर्वज. त्यात आधी तट बांधायचा, मग तोफा डागायच्या, मग ठरलेल्या सेकंदांत पडलेला तट पुन्हा सांधायचा. तट सांधला गेला नाही तर खेळ संपला. पुढे २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ हा युद्धाचा खेळ आला. त्याच्यासोबत नकाशे बनवण्याचं साधन दिलेलं होतं. हौशी मुलांनी त्यात बुरुजांचे असंख्य खेळ रचले. २००७ चा ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ कचेऱ्यांमधल्या संगणकांवर पोहोचला, आणि २००९ च्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मध्ये तर बुरुजांच्या जागी अंगणातली झाडं आली. सूर्यफूल, वाटाणा, भोपळा यांनी घराचं रक्षण करायचं. माझ्या ओळखीतल्या ज्या आजीबाई बंदुकीच्या खेळाचं नाव काढू देत नाहीत, त्यांनीही तो आवडीनं खेळला आहे.

या दोन घराण्यांत एक मोठा फरक आहे, तो नजरेचा. नेमबाजीत आपण जमिनीवर असतो आणि समोरचं तेवढं दिसतं. टॉवर डिफेन्समध्ये आपण घारीसारखे वरून बघतो. सगळा नकाशा एका नजरेत येतो, पण आपण स्वतः त्यात कुठेच नसतो.

तिसरं घराणंही त्याच ‘वॉरक्राफ्ट ३’च्या अंगणात वाढलं. २००३ साली एका हौशी रचनाकारानं ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ नावाचा नकाशा केला. मुलं त्याला ‘डोटा’ म्हणतात. दोन संघ, दोन टोकांना त्यांची ठाणी, मध्ये वाटा. त्या वाटांवरून दोन्हीकडची बिनचेहऱ्याची प्यादी आपोआप चालत निघतात, मध्ये भिडतात, मरतात, पुन्हा नवी निघतात. खेळणारा म्हणजे एक बलवान वीर. पण शत्रूच्या बुरुजावर तो एकटा चालून गेला तर हकनाक मरतो. प्यादी पुढे असतील तरच त्याचा निभाव लागतो.

आता ‘मंडे नाइट कॉम्बॅट’कडे येऊ.

भविष्यकाळातलं एक भव्य क्रीडागार. प्रेक्षकांनी खच्चून भरलेलं. समालोचक मोठ्या उत्साहात बोलतो आहे, मधूनच जाहिराती करतो आहे. दोन संघ आहेत, ‘हॉटशॉट्स’ आणि ‘आइसमेन’. एक तांबडा, एक निळा. संघात सहा जण. भूमिकाही सहा. ‘असॉल्ट’ म्हणजे सर्व कामांचा गडी. ‘टँक’ म्हणजे जवळून भिडणारा, सहजासहजी न पडणारा. ‘गनर’ अवजड बंदुकीनं गोळ्यांचा पाऊस पाडणारा. ‘स्नायपर’ लांबून नेम धरणारा आणि वाटेत सापळे लावणारा. ‘असॅसिन’ अदृश्य होऊन पाठीमागून वार करणारी. आणि ‘सपोर्ट’ म्हणजे मदतनीस. सोबत्यांच्या जखमा भरणारा आणि स्वतःची एक छोटी तोफ मांडणारा. हे सगळे खेळाडू कथेपुरते प्रयोगशाळेत बनवलेले, एकाच साच्यातून काढलेले आहेत. त्यामुळे एक पडला की थोड्या सेकंदांत तसाच दुसरा उभा राहतो. कबड्डीचाच न्याय.

प्रत्येक संघाकडे एक ‘मनीबॉल’ असतो. मनीबॉल म्हणजे पैशांनी भरलेला प्रचंड मोठा गोळा. शत्रूचा गोळा फोडायचा आणि आपला राखायचा, हा खेळ. पण या गोळ्याभोवती अदृश्य कवच असतं. ते खेळाडूंच्या गोळीनं तुटत नाही. कितीही निष्णात नेमबाज असो. ते तुटतं फक्त आपल्या रोबोंमुळे. दोन्ही ठाण्यांतून रोबोंच्या रांगा ठरलेल्या वाटेनं सारख्या निघत असतात. त्यांतले काही शत्रूच्या गोळ्यापर्यंत पोहोचले की त्याचं कवच गळून पडतं. मगच खेळाडूंना गोळा फोडता येतो.

माझ्या मते या एका नियमात सगळा खेळ आहे. रोबो मंद आहेत, मुके आहेत, त्यांना बुद्धी नाही. एकेकटे ते दोन गोळ्यांत संपतात. पण विजय त्यांच्या पावलांनी येतो. म्हणून खेळाडूचं खरं काम काय? आपले रोबो पुढे पोहोचवणं आणि शत्रूचे रोबो अडवणं. समोरच्या खेळाडूला पाडणं हे त्यासाठीचं एक साधन आहे, एवढंच.

अडवण्यासाठी बुरूज हवेत. मैदानात बुरुजांच्या जागा ठरलेल्या असतात. कुठला बुरूज वेगानं मारा करतो, कुठला अग्निबाण सोडतो, कुठला थंडगार फवाऱ्यानं शत्रूची चाल मंदावतो. बुरूज बांधायला पैसे लागतात, वाढवायला आणखी लागतात. पैसे मिळतात ते रोबो आणि शत्रूचे खेळाडू पाडून. आणि गंमत म्हणजे मधूनच मैदानात ‘बुल्सआय’ नावाचा, वेश केलेला संघांचा शुभंकर नाचत येतो. त्याच्यावर गोळी झाडली की त्याच्या अंगातून नाणी सांडतात. हेच पैसे खेळाडू स्वतःची कौशल्यं वाढवण्यासाठीही वापरू शकतो. मैदानात एक यंत्र असंही असतं की पैसे मोजून ते चालवलं तर शत्रूचे सगळे रोबो एकदम नष्ट होतात.

इथं पेच सुरू होतो. हातात पैसे आले. ते स्वतःवर खर्च करू की बुरुजावर? स्वतःवर केले तर मी बलवान होईन, माझ्या नावापुढचा आकडा वाढेल. बुरुजावर केले तर सगळ्यांचं रक्षण होईल, पण त्याबद्दल टाळ्या वाजणार नाहीत. शिवाय बुरूज एकदा बांधला म्हणजे झालं असं नाही. शत्रू तो पाडायला येणार. म्हणजे कुणीतरी मागे राहायला हवं. पुढे सगळे लढत असताना मागे थांबणं किती अवघड असतं, हे ज्यांनी लहानपणी लपंडावात राज्य घेऊन भोज्जा राखला आहे त्यांना विचारा.

मी हा खेळ खेळलो त्यापेक्षा पाहिला जास्त. माझा एक भाचा पुण्याला शिकत असताना सुट्टीत घरी येई आणि रात्री मित्रांबरोबर खेळत बसे. मी मागे खुर्ची टाकून बघायचो. एकदा त्यानं यंत्र माझ्या हाती दिलं. समोर शत्रूचा गडी दिसताच मी त्याच्यामागे धावलो. भाचा शांतपणे म्हणाला, ‘‘मामू, त्याला जाऊ द्या. तो तुम्हाला खेळवतोय. तिकडे आपल्या दारात रोबो आलेत, ते बघा.’’ खेळाचं सगळं शास्त्र त्या तीन वाक्यांत होतं. शूर दिसण्याचा मोह होतो तो समोर, आणि काम असतं ते पाठीमागे. कानाला हेडफोन लावलेली मुलं ‘मागे ये, मागे ये’ असं ज्याला ओरडून सांगत असतात, तो बहुधा असाच कुणाच्या तरी मागे धावत सुटलेला सोबती असतो.

म्हणजे तीन घराण्यांच्या या संगमातून तयार काय झालं? टॉवर डिफेन्समधली घारीची नजर काढून घेतली आणि खेळणाऱ्याला तटावर उभं केलं. आता सगळा नकाशा त्याला दिसत नाही. उजव्या वाटेवर तो उभा असेल तर डाव्या वाटेचं त्याला कळणार कसं? कुणीतरी सांगितलं तर. पूर्वी जे एका माणसाच्या डोळ्यांनी दिसत होतं, ते आता सहा माणसांच्या बोलण्यातून दिसतं. म्हणून ती मुलं सतत बोलत असतात. ती बडबड हाच त्यांचा टेहळणी बुरूज.

या खेळाचा दुसराही एक प्रकार होता, ‘ब्लिट्झ’ नावाचा. त्यात समोर संघ नसतो. चार मित्रांनी मिळून आपला गोळा राखायचा आणि रोबोंच्या लाटा परतवायच्या. त्यातल्या एका आवृत्तीत तर लाटांना शेवटच नाही. गोळा कधीतरी फुटणार हे ठरलेलंच आहे; तुम्ही किती वेळ टिकलात एवढाच प्रश्न. जिंकण्याची शक्यताच नसलेला खेळ मुलं पुन्हा पुन्हा का खेळतात, याचं उत्तर मला सोबतीत दिसतं.

हीच वाट त्या सुमारास इतरांनीही धरली. २०११ साली स्वीडनमधल्या ‘कॉफी स्टेन’ या कंपनीनं ‘सँक्टम’ काढला. त्यात आधी भुलभुलैया बांधायचा आणि मग त्यात उतरून बंदूक चालवायची. त्याच वर्षी अमेरिकेतून ‘डंजन डिफेंडर्स’ आला. त्यात जादूगार, योद्धा, धनुर्धारी आणि साधू अशा चार भूमिका होत्या आणि प्रत्येकाचे बुरूज निराळे. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’नंही रोबोंच्या लाटा परतवण्याचा प्रकार आपल्या खेळात घेतला. इंजिनिअरला तिथं आणखीच महत्त्व आलं.

आता आक्षेपांबद्दल. बंदूक ही बंदूकच, मग ती रंगीत पडद्यावरची का असेना, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. लहान मुलांच्या हाती कुठला खेळ द्यावा, किती वेळ द्यावा, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायलाच हवं. रात्रीची झोप आणि डोळ्यांची काळजी हे प्रश्न खरे आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की ठरवण्याआधी खेळ बघावा. ‘मंडे नाइट कॉम्बॅट’मध्ये हिंसेचा उदोउदो कमी आणि जाहिरातबाज खेळांची थट्टा जास्त आहे. पैशाच्या गोळ्यासाठी साच्यातली माणसं झुंजताहेत, समालोचक मालाचं कौतुक करतो आहे आणि प्रेक्षक टाळ्या वाजवताहेत. हे चित्र काढणाऱ्याला आपल्या काळाची चांगली जाण होती.

आणि आता त्या शेवटाबद्दल.

एप्रिल २०१२ मध्ये कंपनीनं याच खेळाची पुढची आवृत्ती आणली, ‘सुपर मंडे नाइट कॉम्बॅट’. ती फुकट होती. पात्रांचे वेश वगैरे हवे असतील तर पैसे द्यायचे. आता संघात पाच-पाच जण होते आणि रचना ‘डोटा’च्या अधिक जवळ गेली होती. खेळणाऱ्यांची गर्दी पुढे ओसरली, पण काही जिवाभावाची माणसं येत राहिली.

हा खेळ घरातल्या संगणकावर एकट्यानं खेळायचा नव्हता. कोण कुणाविरुद्ध खेळणार, कुणाच्या खात्यात काय आहे, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर ठरत होतं. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघाचा नवा कायदा लागू होणार होता. त्याचं संक्षिप्त नाव जीडीपीआर. लोकांची खासगी माहिती कंपन्यांनी कशी सांभाळावी, यासाठीचा तो कायदा. कायदा चांगलाच होता. पण त्यानुसार खेळाची जुनी यंत्रणा बदलायची तर येणारा खर्च त्या खेळाला झेपणारा नव्हता. कंपनीनं तसं जाहीर केलं आणि कायदा लागू होण्याच्या तोंडावर सर्व्हर बंद केले. सहा वर्षांचा खेळ संपला. अशाच दुसऱ्या एका खेळाचं, ‘ऑर्क्स मस्ट डाय! अनचेन्ड’चं, दार एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. ‘उबर एंटरटेनमेंट’ कंपनीनंही पुढे नाव बदललं आणि २०२० साली तीही मिटली.

कुणी म्हणेल, एक खेळ बंद पडला, त्यात एवढं काय? मी कवितेच्या प्रांतातला माणूस, म्हणून त्याच प्रांतातलं उदाहरण देतो. कवितासंग्रहाची नवी आवृत्ती निघाली नाही तरी जुनी प्रत कुणाच्या तरी कपाटात असते. पन्नास वर्षांनी कुणी ती उघडेल. मुशायऱ्याचं तसं नाही. मुशायरा म्हणजे ऐकवणारा, ऐकणारे, मध्येच उठलेली दाद, पुन्हा म्हणा असा आग्रह. ती माणसं उठून गेली की मुशायरा कपाटात ठेवता येत नाही. हे खेळ मुशायऱ्याच्या जातीचे आहेत. त्यांचं कच्चं सामान माणसं हेच. चित्रं, आवाज, नियम सगळं चकतीवर उतरून ठेवलं, तरी समोर पाच आणि सोबत चार माणसं नसतील तर तो खेळ म्हणजे रिकामं क्रीडागार.

पण मुशायऱ्याला दुसरी जागा मिळते. एका सभागृहाला कुलूप लागलं तर लोक दुसरीकडे सतरंज्या टाकतात. इथं तसं करता येत नव्हतं, कारण जागेची किल्ली एकट्या कंपनीकडे होती. खेळणारे होते, वेळ होता, इच्छा होती. पण जमायचं कुठे? बुरूज कसा राखावा हे शिकलेल्या माणसांना आपला खेळ राखण्याचं मात्र काही साधन नव्हतं.

याउलट ‘टीम फोर्ट्रेस’ बघा. तो जन्मलाच उघड्या दारातून. क्वेकवाल्यांनी सोय मोकळी ठेवली म्हणून तीन तरुणांना तो करता आला. ‘टीम फोर्ट्रेस २’चे सर्व्हर खेळणारी माणसं स्वतःही चालवू शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं त्या खेळाची संगणकीय संहिताही हौशी रचनाकारांसाठी खुली केली. तिच्यावरून नवे खेळ करा, पण विकू नका, अशी अट घालून. म्हणजे उद्या कंपनीनं लक्ष काढून घेतलं तरी सतरंजी टाकायला जागा राहील.

हा प्रश्न आता कायदेमंडळांपर्यंत गेला आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. तिची मागणी साधी आहे: कंपनीला खेळ बंद करायचा असेल तर जरूर करावा, पण जाताना तो लोकांना आपापसांत खेळता येईल अशा स्थितीत सोडावा. युरोपीय संघाकडे दिलेल्या तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे, की विकला जातो तो फक्त वापराचा परवाना असेल, तर विकणाऱ्यानं ग्राहकाला ते स्पष्ट सांगायला हवं. नुसतं ‘विकत घ्या’ लिहून चालणार नाही.

आपल्या घरांतली मुलंही असेच खेळ घेतात, त्यासाठी आपल्याच खिशातून पैसे जातात. तेव्हा मूल पैसे मागायला आलं की बंदुकीवरून वाद घालण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ‘या खेळात तुझं काम काय?’ तो इंजिनिअर असेल, मदतनीस असेल, मागे राहून बुरूज राखणारा असेल, तर त्याच्याबद्दल तुम्हाला काहीतरी नवं कळेल. आणि दुसरी, ‘कंपनीनं दार बंद केलं तर तू आणि तुझे मित्र हा खेळ कुठे खेळणार?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल. तुमच्या-माझ्याकडेही नाही. ते कंपन्यांकडून आणि कायदे करणाऱ्यांकडून मागून घ्यावं लागणार आहे.